रेवतीची उंची

मुचकुंदाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती देवळातल्या कीर्तनात. कृष्ण पळतो आहे, मागे कालयवन लागला आहे. कृष्ण एका गुहेत शिरतो. आत कुणी पुरुष गाढ झोपलेला आहे. कृष्ण आपला शेला हळूच त्याच्या अंगावर टाकतो आणि अंधारात बाजूला उभा राहतो. कालयवन येतो, शेला ओळखतो, झोपलेल्याला लाथ घालतो. तो उठतो, डोळे उघडतो आणि समोरच्याची राख होते. बुवा इथे दम घेत, झांज वाजे, बायाबापड्या हात जोडत आणि आख्यान पुढे रुक्मिणीकडे वळे. उठलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे कुणी विचारीत नसे. मीही विचारले नाही.

पुढे भागवत मुळातून वाचले तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे तिथे शेला नाही. तो कीर्तनकारांचा, आणि झकास आहे. दुसरी अशी, की उठलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे भागवताने सांगितले आहे, पण ते इतक्या घाईने की निसटून जावे. दशम स्कंधाच्या बावन्नाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो गुहेबाहेर येतो, आजूबाजूला पाहतो आणि निघून जातो. याच अध्यायात, जेमतेम डझनभर श्लोक उलटल्यावर, रेवतीचे बलरामाशी लग्न झाल्याचा एका श्लोकात उल्लेख आहे, तोही 'हे मागे सांगितलेच आहे' अशा सुरात. त्यानंतर लगेच रुक्मिणी. हे दोन उल्लेख इतके जवळजवळ का आले असावेत, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला. दोन्ही माणसे एकाच प्रकारची आहेत: फार जुन्या काळातली, काळाने स्पर्श न केलेली, आणि आता एकाएकी परक्या युगात उभी. एकाचे जागे होणे आख्यान ठरले, दुसरीचे येणे तळटीप. या लेखात मला म्हणायचे आहे ते असे, की जागृतीची खरी कथा त्या तळटीपेत आहे.

आधी मुचकुंद पाहू. हा इक्ष्वाकू कुळातला, मांधात्याचा मुलगा. असुरांच्या भयाने देवांनी त्याला मदतीला बोलावले आणि तो दीर्घकाळ त्यांचे रक्षण करीत राहिला. कार्तिकेयासारखा सेनापती मिळाल्यावर देवांनी त्याला मोकळे केले. पण मोकळे करताना जे सांगितले ते भयंकर आहे: तुझे पुत्र, राण्या, आप्त, मंत्री, प्रजा यांपैकी आता कुणी उरलेले नाही, काळाने सगळे नेले. मोक्षाखेरीज हवा तो वर माग. दुसऱ्याच्या युद्धात आयुष्य घालवलेल्या सैनिकाला निवृत्तीच्या दिवशी मिळालेली ही बातमी. विष्णुपुराणात तो झोप मागतो, दीर्घ झोप. उठवील तो भस्म होईल, हे तिला जोडून येते. या मागणीला मी पळपुटेपणा म्हणणार नाही. ज्याचे सगळे जग गेले आहे त्याने दुसरे काय मागावे?

त्याच्या वयाबद्दल पुराण काही बोलत नाही. पण निजला तसाच तो उठतो. भागवतातले ते वर्णन सुरेख आहे: हळूहळू डोळे उघडणे, दिशा न्याहाळणे, मग शेजारी उभा असलेला माणूस दिसणे. राख झाल्यावर गुहेत उजेड पडावा तसा कृष्ण दिसतो. मुचकुंद विचारतो, आपण कोण, सूर्य की चंद्र की इंद्र, आपले कुल-गोत्र काय? आणि लगेच स्वतःची ओळख देतो: आम्ही इक्ष्वाकू, मी मुचकुंद, मांधात्याचा पुत्र.

या परिचयापाशी मी नेहमी थांबते. जगात त्याला ओळखणारे कुणी उरलेले नाही आणि तो पत्ता सांगतो आहे तो बुजलेल्या गावाचा. इथे मला इफिससच्या सात निद्रितांची आठवण होते. रोमन सम्राट डेशियसच्या छळाला कंटाळून सात ख्रिस्ती तरुण गुहेत लपले, झोपले, आणि दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात उठले. कुराणातल्या अल-कहफ या सूरेतही गुहेतल्या तरुणांची हीच कथा आहे. त्यांच्यातला एक जण भाकरी आणायला बाजारात जातो आणि जुने नाणे पुढे करतो. दुकानदार नाण्याकडे पाहतो, मग त्याच्याकडे. या पोराला कुठे पुरलेले धन सापडले की काय, अशी शंका येते. मुचकुंदाचे कुलनाम हे त्याचे डेशियसचे नाणे आहे. फरक इतकाच की इफिससच्या पोराला भूक लागली होती, म्हणून त्याला बाजारात जावे लागले. भूक लागली की दुसऱ्याच्या युगाशी बोलावेच लागते. मुचकुंदाला भूक लागत नाही. त्याला बाजारात जावे लागत नाही. पहिल्याच क्षणी खुद्द भगवंत भेटतो, आणि भगवंताला नाणे दाखवले की तो घेतो.

कृष्णाशी त्याचे जे बोलणे होते ते खिन्न आणि खरे आहे. राजा म्हणवून घेतले, देहाचा अभिमान धरला, त्या देहाचे शेवटी किडे किंवा राखच होणार, काळ फुकट गेला, असा त्याचा सूर आहे. कृष्णही त्याला मोठेपणा देऊन सोडत नाही. क्षत्रिय म्हणून तू शिकारीत जीव मारलेस, ते तपाने फेड, असे बजावतो. मग मुचकुंद प्रदक्षिणा घालून बाहेर पडतो.

आणि बाहेर त्याला काय दिसते? माणसे खुजी झाली आहेत. भागवतात तर पशू, वेली, झाडेसुद्धा. तो ठरवतो की कलियुग आले, आणि उत्तरेला चालू लागतो, गंधमादनाकडे, बदरिकाश्रमाकडे. तो एकाही माणसाशी बोलत नाही. पलीकडे मथुरा वेढ्यात आहे, तिथल्या लोकांसाठी समुद्रात नवे शहर उभे राहिले आहे, हे तो विचारीत नाही. त्याने एकच गोष्ट मोजली, उंची, आणि तेवढ्यावर युगाचा निकाल लावला.

तो निकाल चुकीचा होता, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला पुरावा पुराणातलाच आहे. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशात कृष्णाला ओळखताना मुचकुंद स्वतः सांगतो की अठ्ठाविसाव्या युगात, द्वापराच्या शेवटी, यदुकुळात हरी जन्म घेईल, असे गर्गांनी पूर्वी सांगितले होते. म्हणजे हे द्वापर आहे, हे त्याला ठाऊक आहे, किंबहुना त्याच खुणेवरून त्याने समोरच्याला ओळखले आहे. आणि काही श्लोकांतच तो बाहेर येऊन म्हणतो, कली आला. हेच पुराण पुढे स्पष्ट सांगते की कृष्णाने ज्या दिवशी पृथ्वी सोडली त्या दिवशी कली उतरला. कृष्ण तर अजून द्वारकेत नीट स्थिरावलाही नव्हता. भाविक वाचक म्हणेल, 'आला' म्हणजे 'जवळ आला' असे घ्यावे. घ्यायला हरकत नाही. पण मला ही विसंगती सांधायची नाही, कारण तिच्यात या नायकाचा स्वभाव दिसतो. ज्या काळात देव स्वतः समोर उभा आहे त्या काळाला तो माणसांच्या उंचीवरून मोडीत काढतो.

कोकणात मुचकुंदाचे मोठे प्रस्थ आहे. लांजा तालुक्यातल्या माचाळला मुचकुंद ऋषींची म्हणून गुहा दाखवतात. तिथल्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी नदी पूर्णगडला समुद्राला मिळते. तिकडे राजस्थानात धोलपूरजवळ मचकुंड आहे. मी माचाळला गेले तेव्हा धुके इतके होते की पाच पावलांवरचा माणूस दिसेना. गंमत म्हणजे लोकांनी त्याला राजा ठेवलेले नाही, ऋषी केले आहे. भागवताने त्याला पुढच्या जन्मी ब्राह्मणत्वाचे वचन दिले, लोकांनी ते याच जन्मी देऊन टाकले, आणि बदरिकाश्रमाला जाऊ न देता इथेच ठेवून घेतले.

मुचकुंदाचे हे वळण आपल्या अंगात किती भिनले आहे ते पाहायला पुराणे उघडायची गरज नाही. शाळेत आपण सगळ्यांनी तो निबंध लिहिला आहे: शिवाजी महाराज आज अवतरले तर. मी लिहिला, माझ्या मुलीने लिहिला. महाराज येतात, गडांवरचा कचरा पाहतात, लाचखोरी पाहतात, दुःखी होतात. निबंध दहापैकी आठ गुण मिळवतो. २००९ साली आलेल्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' या चित्रपटाची मांडणीही याच जातीची होती. मराठी असल्याची लाज वाटणाऱ्या एका बँकेतल्या कारकुनासमोर महाराज प्रकटतात आणि त्याला ताठ उभे राहायला शिकवतात. चित्रपट लोकांना आवडला, मलाही काही प्रसंगी आवडला. पण तिथेही मोजपट्टी त्यांच्याच हातात आहे आणि खुजे आपण आहोत. महाराजांना आज काय नव्याने शिकावे लागेल, हा प्रश्न ना निबंधात असतो ना पडद्यावर. वास्तविक तोफा, आरमार, कागदाचा कारभार असे नवे शिकण्यात त्यांचे आयुष्य गेले. शिकणारा माणूस आपल्याला जागा करायचा नसतो, आपल्याला न्यायाधीश हवा असतो.

अमेरिकनांनी या गोष्टीचे दुसरे टोक गाठले. वॉशिंग्टन आयर्विंगचा रिप व्हॅन विंकल (१८१९) वीस वर्षे झोपून उठतो. मधल्या काळात क्रांती होऊन गेलेली, आणि हा भर चौकात इंग्लंडच्या राजाशी निष्ठा जाहीर करतो. लोक चिडतात, मग हसतात, मग त्याला सामावून घेतात. तो खानावळीच्या बाकावर बसून जुन्या गोष्टी सांगू लागतो. शंभर वर्षे हिमखंडात राहिलेला बारा वर्षांचा आंग (२००५ पासूनच्या 'अवतार' या चित्रमालिकेतला) उठल्या उठल्या खेळायला जोडीदार शोधतो. तो नव्या जगाला नावे ठेवत नाही, आपण नसताना आपले लोक मारले गेले हे मात्र त्याला पचवावे लागते. या कथांमध्ये युग नायकाला मोजते. आपल्याकडे नायक युगाला. पण आपल्याकडेही युगाने मोजलेले एक पात्र आहे, आणि ते पुरुष नाही.

रेवतीचे वडील ककुद्मी. समुद्रात कुशस्थली नावाची नगरी वसवणाऱ्या राजघराण्यातला हा राजा. मुलीला वर कोण द्यावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गाणे चालले होते. मधेच बोलणे बरे नव्हे म्हणून थांबला. गाणे संपले, याने मनातली नावे सांगितली, आणि ब्रह्मदेव हसला. ती मुले, त्यांची नातवंडे, पणतवंडे, गोत्रेसुद्धा आता ऐकू येत नाहीत, मधे सत्तावीस चतुर्युगे गेली. पुराणांच्या हिशेबाने एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचे, म्हणजे गाण्याची ती एक बैठक ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे चालली. (चांगले गाणे असे असावे, ही टिप्पणी माझ्या एका गवई स्नेह्याची.) हरिवंशात जनमेजय अगदी आपल्यासारखा प्रश्न विचारतो: इतका काळ गेला तर रेवती म्हातारी कशी झाली नाही? उत्तर मिळते की ब्रह्मलोकी जरा, भूक, तहान नाही. म्हणजे ती परतली ती तरुणच.

परतली कुठे? कुशस्थली आता तिची नव्हती. आप्त कधीच पांगले होते. त्याच जागी द्वारका होती, कालयवनाच्या आणि जरासंधाच्या धाकाने यादवांनी उभारलेली. बावन्नाव्या अध्यायातल्या त्या दोन उल्लेखांची गाठ इथे बसते. ज्या कालयवनाने मुचकुंदाला जागे केले, त्याच्याच भीतीने उभ्या राहिलेल्या शहरात रेवती नवरी म्हणून शिरली. तिच्या पूर्वजांच्या गावात ती सासरी आली.

वडिलांचे पुढे काय झाले ते विष्णुपुराणात वाचावे. खाली उतरल्यावर त्यांना माणसे खुजी, निस्तेज, अल्पबुद्धी दिसली. मुलगी त्यांनी बलरामाला दिली आणि स्वतः तपाला हिमालयात गेले. पुन्हा मुचकुंदच. तीच मोजणी, तीच उत्तर दिशा. फरक असा, की या खुज्या युगात आपली मुलगी ठेवून जाताना त्यांना अडखळल्यासारखे झाल्याचे पुराण नोंदवत नाही.

आणि मग ते वाक्य येते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ती फारच उंच आहे असे पाहून बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली आणले, आणि ती लगेच इतर स्त्रियांसारखी झाली. एवढेच. तिने काय म्हटले, दुखले का, काही नाही. भागवतात हा तपशील मुळीच नाही. विष्णुपुराणात आहे आणि लोकांच्या तोंडी आहे. मूळ संस्कृतात इथे जे क्रियापद वापरले आहे ते आपल्या 'विनम्र' या शब्दाचे सख्खे भावंड आहे. नांगराने तिला विनम्र केले. मराठीत आपण हा शब्द लग्नपत्रिकेत आणि शोकसभेत सारख्याच सहजतेने वापरतो. त्याच्या मुळाशी वाकवणे आहे हे सहसा आठवत नाही.

यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. ज्येष्ठ अभ्यासक सांगतील की हा केवळ युगऱ्हासाचा हिशेब आहे: पूर्वीच्या युगात माणसे उंच, पुढे बुटकी होत गेली. जुन्या युगातली कन्या नव्या युगातल्या वराला द्यायची तर कथाकाराला माप जुळवावेच लागणार. मान्य. पण माप जुळवायला दोन मार्ग होते. बलराम काही साधा माणूस नव्हे, पुराण त्याला शेषाचा अंश मानते. तो वाढू शकला असता. मारुती वाढतो, वामन तर तीन पावलांत त्रैलोक्य व्यापतो. पुराणांत पुरुषाने वाढण्याची उदाहरणे हवी तितकी आहेत. कथाकाराला इथे ते सुचले नाही.

शिवाय नांगर हे हत्यार पाहा. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशातल्या पंचविसाव्या अध्यायात बलराम व्रजात मद्य पिऊन यमुनेला म्हणतो, इकडे ये, मला स्नान करायचे आहे. ती येत नाही. तो नांगर लावून तिला ओढतो, आणि ती पात्र सोडून त्याच्यामागून वाहू लागते, गयावया करते. भागवतात कौरवांवर रागावून तो हस्तिनापूरही नांगराने ओढायला काढतो. म्हणजे नदी, नगर आणि नवरी. जे आपल्या जागी आहे त्याला आपल्याला सोयीच्या जागी आणायचे, हे या नांगराचे काम. आणि ज्या अध्यायात यमुना ओढली जाते त्याच अध्यायाच्या शेवटी, दोन महिने व्रजात राहून द्वारकेला परतल्यावर, बलरामाने रेवतीशी लग्न केले आणि निशठ व उल्मुक हे पुत्र झाले असे दोन ओळींत येते. कथाकाराने हे मुद्दाम शेजारी ठेवले असे मी म्हणत नाही. पण यमुनेच्या तोंडी निदान गयावया तरी आहे. रेवतीला तीही नाही.

माझ्या आईचे माहेरचे नाव वेगळे होते. लग्नात ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले, पेढे वाटले गेले, आणि ती लगेच इतर सुनांसारखी झाली. माहेरची एक मावशी शेवटपर्यंत तिला जुन्या नावाने हाक मारी. त्या हाकेला आई ज्या चपळाईने वळून पाही तशी तिला नव्या नावाने वळताना मी कधी पाहिले नाही. रेवतीला जुन्या उंचीने ओळखणारे कुणी उरले नव्हते. होते ते वडील हिमालयात गेले.

पण ती या युगात नुसती आली नाही, राहिली. हे मुचकुंदाला जमले नाही, ककुद्मीला जमले नाही. ती कशी राहिली हे सांगायची पुराणांना गरज वाटली नाही, ते काम पुढच्या कथाकारांनी केले. अभिमन्यू आणि वत्सलेची कथा आपल्याकडे वत्सलाहरण म्हणून परिचयाची आहे. १९५७च्या तेलुगू 'मायाबाजार'मध्ये हीच कथा आहे आणि त्यात वत्सलेची, म्हणजे तिथल्या शशिरेखेची, आई रेवती आहे. पांडव राज्य गमावून बसले म्हटल्यावर ठरल्यासारखी असलेली सोयरीक या बाईंना नकोशी होते, दुर्योधनाच्या घरचे स्थळ गोड वाटू लागते. प्रेक्षक तिला हसतात. मीही हसले. मग वाटले, हिला हा व्यवहार कुणी शिकवला? ११ कोटी वर्षांपूर्वीची, ब्रह्मलोकी गंधर्वांचे गाणे ऐकलेली ही मुलगी. तिच्यासाठी योजलेली सगळी स्थळे एका गाण्यात नाहीशी झाली. मुलीच्या लग्नाला उशीर करू नये आणि बुडालेल्या घराचा भरवसा धरू नये, हे तिच्याइतके कुणाला कळणार? चित्रपटाला हे अभिप्रेत नसेल. पण पात्रे कधी कधी आपल्या कर्त्यांपेक्षा जास्त जुनी असतात.

मुचकुंद गंधमादनावर तप करीत राहिला आणि त्यानंतरच्या यादवांच्या कथेत तो पुन्हा येत नाही. रेवतीची आणखी एक नोंद विष्णुपुराणात आहे, पाचव्या अंशाच्या अडतिसाव्या अध्यायात. यादव आपसांत लढून संपले आहेत, बलराम गेला आहे, कृष्ण गेला आहे. अर्जुन अंत्यविधीला आला आहे. रेवती बलरामाच्या देहाला कवटाळून चितेत शिरते, आणि पुराण म्हणते की त्या स्पर्शाने तिला आग थंड लागली. पुराणांना असे म्हणायची सवय आहे. पुढे सांगितले आहे की कली उतरला, आणि समुद्राने द्वारका बुडवली. कलियुग खरोखर आले तेव्हा मुचकुंद कधीचाच निघून गेला होता. त्याच्या उंबरठ्यापर्यंत राहिली ती हीच, कमी केलेल्या उंचीची, आणि तिच्या मागोमाग तिच्या पूर्वजांच्या नगरीची जागा पुन्हा पाण्याखाली गेली.